हालिगवरची राखणदारीण

२९ मार्च

"तुमच्याकडची माणसं समुद्र राखतात की समुद्रावर जगतात?" काल बटाटे सोलता सोलता, मी जिच्या घरी राहते त्या गेशेमावशींनी विचारलं.  आज दिवसभर चिखलातून चालताना त्याचाच विचार करत होते. उत्तर अजून मिळालेलं नाही.

शिष्यवृत्तीच्या अर्जात मी फार झोकात लिहिलं होतं. आम्ही सोनकोळी, माझा समाज पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्याची राखण करत आला आहे, मी घरातली पहिली पदवीधर. उत्तर जर्मनीतले किनाऱ्यावरचे मूळचे लोक आपला समुद्र कसा राखतात ते शिकेन आणि परत येऊन आमच्या कोळीवाड्यातल्या पोरापोरींचं राखणदार पथक उभं करीन. निवड समितीतल्या बाईंनी मान डोलावली होती. पण तो अर्ज मी लिहीत होते तेव्हा बाबा ओट्यावर बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं, जाळं तुणत बसले होते. बोटाएवढं पिल्लूही सुटत नाही, ते जाळं.

गेशेमावशींना हे सांगितलं नाही. तोंडावर मी त्यांना नुसतं 'गेशे' म्हणते, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी तसं बजावलं. लिहिताना मात्र साठीच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला हात धजत नाही.

४ एप्रिल

पथकाच्या पोरांना दाखवायला म्हणून हे नीट लिहून ठेवते.

हालिग म्हणजे बांध नसलेलं, सपाट, गवताचं बेट. ओल्डहोर्न ही त्यातली एक लहानशी हालिग. घरं मातीच्या उंचवट्यांवर असतात, त्यांना वार्फ्ट म्हणतात. हिवाळ्यात वादळ आलं की सगळं गवत समुद्राखाली जातं आणि चार वार्फ्ट तेवढ्या वर राहतात, नांगरलेल्या होड्यांसारख्या. लोक फ्रिजियन. त्यांची भाषा जर्मनहून वेगळी. बोलतात कमी.

गेशेमावशी इथल्या राखणदार. पक्षी मोजायचे, विणीच्या पट्ट्यात कुणाला जाऊ द्यायचं नाही, वाहून आलेला कचरा उचलायचा, सील विसावतात त्या वाळूपासून होड्या लांब ठेवायच्या. आधी त्यांचे वडील हे करत, त्याआधी आजोबा. घर सरकारी आहे, कामाबरोबर मिळतं. काम गेलं तर घर जातं. आणि काम जाण्याची शक्यता आहे, असं शेजारच्या वार्फ्टवरच्या नॉमेन आजोबांनी सांगितलं. मुख्य भूमीवरच्या कार्यालयाला प्रशिक्षण घेतलेली तरुण माणसं हवी आहेत. हालिगवरच्या लोकांचं म्हणणं, राखणदार इथेच झोपणारा हवा. या उन्हाळ्यात ठरेल.

"मग तुम्ही काय करणार?" मी मावशींना विचारलं.

"पक्षी मोजणार," त्या म्हणाल्या. "आज तेच काम आहे ना?"

१५ एप्रिल

उधाणाच्या भरतीला पक्षी काठाशी गोळा होतात, तेव्हाच मोजणी करतात. सकाळी मी आपणहून म्हटलं, आज उधाण. मावशींनी भिंतीवरचा भरती-ओहोटीचा तक्ता न बघता माझ्याकडे बघितलं. "कसं कळलं?" मी म्हटलं, चंद्र बघून, घरी तसंच करतात, उधाण आणि भांग, म्हणजे मोठी भरती आणि लहान भरती, आम्हांला शाळेच्या आधी येतं.  संध्याकाळी दुर्बीण माझ्या गळ्यात अडकवली आणि स्वतः नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या.

काळे कलहंस हजारोंनी आलेत. चिखलावर त्यांची कुजबुज ऐकू येते, बाजार उठायच्या वेळेसारखी.

अजून एक. माझे रबरी बूट रोज सकाळी शेगडीपाशी उलटे ठेवलेले असतात. आतून गरम. मी कधी सांगितलं नव्हतं.

३ मे

पूर्वेचा वारा थांबेना. तो पाणी इतकं ओढून नेतो की बोटीला धक्क्यापर्यंत यायला खोली मिळत नाही. सामानाची बोट आलेली नाही. दूध पावडरचं, पाव शिळा. नॉमेन आजोबा म्हणाले, "इथे वादळाला कोणी घाबरत नाही. पाणी गेलं की घाबरतात."

जेवताना मावशींनी विचारलं, वाढदिवसाला घरी काय करतात? मी सांगितलं, आये ओवाळते आणि अंड्यांचा गोड केक करते. तव्यावर, खाली वाळू घालून. सगळा वाडा वास घेत येतो. बोलता बोलता मला जरा रडू आलं. त्यांनी ताट उचललं आणि भांडी घासायला गेल्या. मला वाटलं, यांना रडणं आवडत नाही.

६ मे

आज वाढदिवस. सकाळी खाली आले तर टेबलावर केक! भला मोठा, आतून गर्द केशरी, आयेच्या केकहूनही पिवळा. वास किंचित समुद्राचा होता, पण चव इतकी छान की मी तीन तुकडे खाल्ले.

"बोट आली?"

"नाही."

"मग अंडी?"

"मिळाली. खा."

नॉमेन आजोबांच्या गोठ्यामागे लाकडी खुराडं आहे, तिथूनच आणली असणार. इथल्या कोंबड्या काय खातात कोण जाणे. आयेला फोटो पाठवला. ती म्हणाली, "माज्यापेक्षा चांगला झालाय गो, तिला सांग." सांगितलं. मावशींचे कान लाल झाले.

९ मे

आज मन थाऱ्यावर नाही.

विणीच्या पट्ट्याच्या कडेला कुरव पक्ष्यांची घरटी आहेत. गेल्या मोजणीला मी लांबून बघितली तेव्हा त्यांत अंडी होती. आज त्यातली कडेची काही घरटी रिकामी. पक्ष्याने फोडली असती तर कवच सापडलं असतं, बलक सांडला असता. काही नाही. स्वच्छ उचललेली. आणि चिखलात काठीचा गोल ठसा. इथे पाण्याच्या चरांवरून उडी मारायला लांब काठी वापरतात, तळाला लाकडी चकती असते. तशी काठी घेऊन या पट्ट्यात एकच माणूस जातो. एका घरट्याच्या गवताला निळ्या लोकरीचा धागा अडकला होता. तो मी ओळखते. मावशींच्या हातमोज्याचा अंगठा मीच रफू करून दिला होता.

कुरवांची अंडी उचलायला इथे पूर्ण बंदी आहे. जुन्या काळी लोक उचलायचे, हे मावशींनीच मला सांगितलं होतं. आजोबा टोपल्या भरून आणायचे म्हणाल्या होत्या. मी तेव्हा हसले होते.

राखणदारानेच!

१२ मे

वोल्फ्सबुर्गला प्रसन्नदादांना फोन केला. ते अलिबागचे, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर. शिष्यवृत्तीवाल्यांनी अडीअडचणीला त्यांचा नंबर दिलाय. आधी सुरेखावहिनींनी उचलला, मग छोट्या अन्वीने ओढून घेतला. मी मराठीत विचारलं, काय करतेस? तिने जर्मनमध्ये मला विचारलं, तुझ्याकडे आज किती सील आहेत?

दादांना सगळं सांगितलं, नाव न घेता.

"हे बघ स्वरूपा, आल्झो, म्हणजे दोनच रस्ते. एक तर त्या माणसाला एकटं गाठ, कॉफीवर बोल. नाहीतर सरळ लेखी कळव आणि गप्प बस. मधलं काही करू नकोस."

"मधलं म्हणजे?"

"म्हणजे चारचौघांत. मी पहिल्या वर्षी मीटिंगमध्ये एकाची चूक दाखवली होती, अगदी हसत हसत. दोन वर्षं तो मला लिफ्टमध्ये भेटला की जिना चढायचा."

मी म्हटलं, तुमचा कारखाना, हे गाव आहे. ते म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणूनच सांगतोय."

१४ मे

दादांचं पटत नाही. लेखी कळवणं म्हणजे पाठीमागून वार. आणि एकटं गाठून बोलणं म्हणजे मिळून झाकणं.

आमच्याकडे जमात असते, समाजाची पंचायत. मी सातवीत असताना बाबा बंदीच्या दिवसांत, नारळी पुनवेच्या आधी, होडी घेऊन बाहेर गेले होते. जमात बसली. आम्ही पोरं दाराच्या फटीतून बघत होतो. पंचांनी उभं राहून सगळ्यांसमोर नाव घेतलं. बाबा उठले, ओरडले, हातवारे केले, घरात तांदूळ नव्हता म्हणाले. दुसरे ओरडले. मग बाबांना दंड म्हणून नारळ लावला. त्यांनी नारळ आणले, तिथेच फोडले, सगळ्यांनी खोबरं खाल्लं, आम्हां पोरांनाही मिळालं. दुसऱ्या दिवशी ज्यांनी नाव घेतलं त्यांनीच बाबांची होडी ओढायला हात लावला. पोलीस नाही, कचेरी नाही. विषय संपला.

हेच तर मला पथकात आणायचं आहे. लोकांनी लोकांतच मिटवायचं. हालिगची वार्षिक सभा परवा आहे. सगळी घरं येतात. मावशी स्वतःचं म्हणणं मांडतील, लोक चार शब्द बोलतील, मिटेल. उलट कार्यालयालाही दिसेल की हे लोक आपली चूक आपण सुधारतात.

१६ मे

झालं. काय झालं ते अजून नीट कळत नाही, पण चांगलं नाही झालं.

अग्निशमन बंबाच्या शेडमध्ये सभा. कॉफी, पातळ बिस्किटं. मुख्य भूमीवरून हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रॉकमान आले होते, कार्यालयाचे. हे मला माहीत होतं. पाहुणे म्हणून येतात असं मी धरून चालले होते. शेवटी त्यांनी विचारलं, "आणखी काही?"

मी उभी राहिले. जमातीत उभं राहूनच बोलतात. मी म्हटलं, "मी गेशेच्या घरात राहते, ती मला मावशीसारखी आहे, म्हणून पाठीमागे न बोलता इथे बोलते. विणीच्या पट्ट्यातली कुरवांची अंडी गेशेने घेतली आहेत. का घेतली ते तिने सांगावं, आणि आपण सगळ्यांनी इथेच ते मिटवावं."

मी ओरडण्याची वाट बघत होते. कोणीतरी उठेल, 'तू कोण सांगणारी' म्हणेल, मावशी टेबलावर हात आपटतील.

कोणी हललं नाही. बाहेर मेंढ्या ओरडत होत्या तेवढंच.

ब्रॉकमाननी पेन खाली ठेवलं. "खरं आहे का, गेशे?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मुलाच्या शर्टाला बटण चुकीचं लागलंय हे दिसावं तसं. मग जर्मनमध्ये म्हणाल्या, "या."

एवढंच. हो. कारण नाही, काही नाही. मला त्यांचाच राग आला. बोला ना! माझा बाप कसा बोलला होता!

नॉमेन आजोबा उठले आणि "कॉफी संपली" म्हणत कप गोळा करू लागले. किटल्या भरलेल्या होत्या.

निघताना ब्रॉकमान मला म्हणाले, "मी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. आता ऐकलंय."

परत येताना मावशी पुढे चालत होत्या. चर आला तेव्हा पलीकडे जाऊन थांबल्या आणि काठीचं टोक माझ्याकडे धरलं, नेहमीसारखं.

१७ मे

बूट शेगडीपाशीच होते. गरम. मला ते घालवेनात.

२० मे

बाबांना फोन. ते किनाऱ्यावर होते, वाऱ्याचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, मी जमातीसारखंच केलं बाबा.

त्यांनी विचारलं, "आदी तिला सांगितलेलंस?"

"काय?"

"का उद्या तुजा विषय निंगनार हाय."

"नाही. ते सभेतच…"

"तसं नसतं गो पोरी. माजा विषय निंगाला तवा आदल्या संध्याकाली पाटील आलेला आपल्या घरी. चाय प्यायला. बोलला, उद्या तुजं नाव घ्यावं लागंल, काय बोलशील ते ठरव, नारल मी आनून ठेवतो. म्हनून तर मी येवरा ओरडलो."

"मला कसं माहीत नाही?"

"तू झोपलेलीस. आनि पोरांना सगलं कशाला सांगतात?"

 तेच म्हणाले, "तू तिच्या घरी गेलेलीस का तरी?"

"मी तिच्याच घरात राहते, बाबा."

 मग कोणीतरी त्यांना जाळं ओढायला हाक मारली.

५ जून

कार्यालयाचा निर्णय आला. मावशींना कामावरून दूर केलं. घर उन्हाळ्याअखेर मोकळं करायचं. तोवर पक्ष्यांची मोजणी मी करायची.

त्यांनी कागद वाचला, घडी केली, साखरेच्या डब्याखाली ठेवला. "आज सुरय पक्ष्यांच्या पिल्लांकडे बघ," मला म्हणाल्या. "पश्चिमेच्या टोकाकडून जा. वारा पूर्वेचा आहे, त्यांना तुझी चाहूल लागणार नाही." पुढे म्हणाल्या, "आता मला तिथे जायला बंदी आहे."

मी गेले. पिल्लं वाळूच्या रंगाची, दिसतच नाहीत. बघून आनंद व्हायला हवा होता.

१९ जून

काहीतरी करावं असं सारखं वाटत होतं. म्हटलं, आज मी केक करते, आयेच्या पद्धतीने. नॉमेन आजोबांकडे गेले. सभेनंतर ते माझ्याशी 'मॉइन' या नमस्कारापुढे बोलत नाहीत. दारातच विचारलं, चार अंडी द्याल का, तुमच्या कोंबड्यांची?

"कसल्या कोंबड्या?"

मी गोठ्यामागचं खुराडं दाखवलं.

"त्यात दोर आहेत. मोठ्या पुरात कोंबड्या गेल्या, तेव्हापासून हालिगवर कोणी पाळत नाही. अंडी बोटीने येतात."

"पण माझ्या वाढदिवसाला गेशेने…"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा सभेपासूनचा राग हळूहळू उतरला आणि त्या जागी जे आलं ते त्याहून वाईट होतं.

"पोरी," ते म्हणाले, "त्या आठवड्यात बोट आलीच नव्हती."

२० जून

काल काही लिहिता आलं नाही पुढचं.

मावशी कपडे वाळत घालत होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले. "सांगितलं का नाहीत? सभेत. एक वाक्य बोलला असतात."

"काय बोलायचं होतं? अंडी मी घेतली. केक कोणासाठी, हे त्यांनी विचारलं नव्हतं."

"मी तीन तुकडे खाल्ले!"

"मी ते बोलले असते तर तुझंही नाव कागदावर गेलं असतं. तुझा व्हिसा ब्रॉकमानच्या सहीवर आहे." चिमटा लावला. "आणि घ्यायला नको होती, हेही खरंच आहे. मला नियम माहीत होता. तू रडलीस, मी गेले. राखणदाराने असं करू नये."

मी माफी मागितली. जर्मनमध्ये, मग मराठीत.

"मी रागावले आहे," त्या म्हणाल्या. "अजून काही दिवस रागावणार आहे. मध्ये मध्ये येऊ नकोस. ते दुसरं टोक धर."

चादरीचं टोक होतं. धरलं.

घडी घालताना म्हणाल्या, "माझे आजोबा राखायचेही आणि खायचेही. दोन्ही. ते मला कधी विचित्र वाटलं नाही, कार्यालय येईपर्यंत."

४ जुलै

हेर ब्रॉकमानचं पत्र. राखणदाराची जागा ते मला देऊ करतायत, पुढच्या वसंतापर्यंत, घरासकट. व्हिसा वाढवून देतील. 'हालिगवरूनच तुमचं नाव सुचवण्यात आलं आहे. ओल्डहोर्नचा राखणदार ओल्डहोर्नवरच राहणारा असावा ही तिथल्यांची इच्छा आम्हांला आपल्यामुळे मान्य करता येईल.'

कोणी सुचवलं असेल? नॉमेन आजोबांनी टोमणा म्हणून?  जिचं घर माझ्यामुळे जातंय तिच्याच घरात मी राहायचं!

पत्र गादीखाली ठेवलं. संध्याकाळी मावशींनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बोटीने काही टपाल आलं का तुला?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी टेबल पुसलं. मग म्हणाल्या, "बरं."

१२ जुलै

प्रसन्नदादांना सांगून नारळ मागवला होता. वोल्फ्सबुर्गहून खोक्यात आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. अन्वीने त्यावर डोळे आणि मिशा काढल्या आहेत.

मावशी पुस्तकं बांधत होत्या. मी नारळ टेबलावर ठेवला आणि आमची पद्धत सांगितली. ज्याची चूक त्याने नारळ आणायचा, सगळ्यांसमोर फोडायचा, सगळ्यांनी खायचा.

"आणि मग?"

"मग संपतं."

त्यांनी नारळाच्या मिशांवरून बोट फिरवलं. "इथे नाही संपत."

"माहीत आहे."

बराच वेळ दोरा गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण फोड. आणलायस तर."

उंबऱ्यावर फोडला. पाणी दगडावर सांडलं. नॉमेन आजोबांनाही हाक मारली. तिघांनी पायरीवर बसून खाल्लं. मावशींचा एक दात हलतो, त्यांना चावायला वेळ लागला. तरी त्यांनी तुकडा संपवला आणि दुसरा मागितला.  समुद्र लांब गेला होता, नुसता चिखल चमकत होता.

१९ जुलै

मावशी हल्ली घराशी बोलतात. आणि मला ऐकवतात. पुढचं दार उघडताना किल्ली फिरवायच्या आधी जरा उचलायचं. शेगडीची झडप पश्चिमेचा वारा असला की अर्धीच ठेवायची. वादळाच्या फळ्या पोटमाळ्यावर, खिडक्यांच्या क्रमाने लावल्यात, क्रम मोडायचा नाही. पिण्याचं पाणी आधी भरायचं, मग मेंढ्या वर आणायच्या, मग फळ्या. मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. आयुष्य काढलेली जागा सोडताना माणूस असंच करत असेल. मी निमूट ऐकते. तेवढंच माझ्या हातात आहे.

नॉमेन आजोबा हिवाळ्याची लाकडं आणून रचत होते. मी विचारलं, आता कोणासाठी?

"जो राहील त्याच्यासाठी," ते म्हणाले आणि मावशींकडे बघितलं. मावशी खिडकी पुसत होत्या.

२६ जुलै

मावशी गेल्या. मुख्य भूमीवर बहिणीकडे, दुसऱ्या मजल्यावर. मी विचारलं, तिथून समुद्र दिसतो का? म्हणाल्या, गाड्यांचा तळ दिसतो.

धक्क्यावर सगळी हालिग आली होती. कोणी रडलं नाही. मावशींनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटवली. "तुला काही सांगायचं आहे का मला?" त्यांनी विचारलं.

पत्राची गोष्ट जिभेवर आली होती. पण जाता जाता त्यांना आणखी कशाला दुखवायचं? मी म्हटलं, "जपून जा."

त्यांनी मान हलवली. बोट वळेपर्यंत त्या माझ्याकडे बघत होत्या. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही, काठी धरली होती म्हणून असेल.

१ ऑगस्ट

घरात पाय घसटत चालल्याचा आवाज येत नाही, त्याची सवय होत नाही. सकाळी बूट थंड होते.

हेर ब्रॉकमानना परवाच कळवलं. केकचं सगळं लिहिलं. अंडी माझ्यासाठी घेतली होती आणि मी खाल्ली. जी माझ्यामुळे बेघर झाली तिच्या घरात मी राहू शकत नाही, जागा मला नको, हेही स्पष्ट लिहिलं. पहिल्यांदाच वाटलं की मी काहीतरी सरळ केलं.

त्यांचं उत्तर आलं. मनापासून वाईट वाटतं म्हणाले. केकच्या गोष्टीने निर्णय बदलणार नाही. आता दुसरा पर्याय नसल्याने मुख्य भूमीवरचे दोघे जण नेमतील. ते बंदरावर राहतील, आठवड्यातून एखादा दिवस बोटीने येतील. घर तूर्त कुलूपबंद. नॉमेन आजोबांना सांगितलं तेव्हा ते लाकडांच्या ढिगाकडे बघत राहिले. "तिला विचारलंस?" म्हणाले. मी म्हटलं, यात विचारायचं काय, माझा निर्णय होता. ते गोठ्यात गेले. बोलतातच कमी इथे.

आज खोल्या झाडून घेतल्या. शेगडीची झडप बंद केली. फळ्या क्रमाने आहेत ते बघितलं. पुढच्या दारामागे खुंटीवर मावशींचा पिवळा पावसाळी कोट तसाच राहिला होता. इतक्या गडबडीत विसरल्या असणार. अंगात घालून बघितला, तर मला अगदी बरोबर बसला. बाह्या आत दुमडून नव्या दोऱ्याने शिवल्यात. त्यांचे हात तर माझ्यापेक्षा लांब. पाण्यात भिजू नयेत म्हणून शिवल्या असतील.

दार जरा उचलून कुलूप लावलं. कोटाची घडी केली, खिशात किल्ली ठेवली आणि दोन्ही दुपारच्या बोटीने मावशींकडे परत पाठवून दिलं.